हमरापूरची हवा आणि सीतेची वेणी

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपटा आणि जिते गेलं की हमरापूर येतं, त्यानंतर पेण. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते गणपतीमुळे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात दिवाळी सरली की मूर्तींचे कारखाने सुरू होतात आणि भाद्रपदापर्यंत थांबत नाहीत. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारेपाट आणि खाडी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळपास कोरडे जातात. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे उन्हाळ्यातही हवेतला ओलावा पुरता आटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगला गारठा पडतो.

मूर्तिकारांना या हवेचा त्रासच होतो. ऐन हंगामात माती वाळत नाही, रंग सुकत नाही, म्हणून प्लास्टिकच्या कागदाने चारी बाजूंनी शेड झाकून घ्याव्या लागतात. पण याच हवेवर जगणारी एक वनस्पती या पट्ट्यातल्या जुन्या आंब्यांवर, फणसांवर मुकाट बसलेली असते. वर्षाचे अकरा महिने तिच्याकडे कोणी बघत नाही. मे सरता सरता मात्र तिच्या पानांच्या बगलेतून हातभर लांबीचे, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी गच्च भरलेले घोस खाली लोंबू लागतात, आणि मग खालून जाणारा माणूस थबकतो. ही सीतेची वेणी. एका घोसात शंभराहून अधिक फुलं, प्रत्येक पाकळीवर जांभळे ठिपके. दोन-तीन आठवड्यांत बहर संपतो.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. मराठीत ऑर्किडला आपण आमरी म्हणतो, आणि या घराण्यातली सगळ्यांत देखणी, सहज भेटणारी आणि घरी सांभाळायला सोपी आमरी हीच, असं माझं मत आहे. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांनी तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आसामात ती कोपौ फूल म्हणून ओळखली जाते. रोंगाली बिहूच्या दिवसांत तिथल्या मुली नाचाला उभ्या राहताना ती केसांत माळतात. आपल्याकडे नावातच वेणी आहे, पण माळण्याची रीत तितकी रुजली नाही. झाडावर आहे तिथेच ती राहिली हे एका अर्थी बरंच झालं.

तिच्याबद्दलचा जुना लेखी उल्लेख आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्द्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचा त्या कामात हात होता. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. झाडांवर वाढणाऱ्या आमऱ्या बाराव्या खंडात आल्या आणि त्यांत ही वेणीही आहे. पुढे १७५३ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं. आजचं ऱ्हिंकोस्टायलिस हे कुलनाम जावामध्ये काम करणाऱ्या कार्ल लुडविग ब्लूमने १८२५ साली दिलेलं आहे.

ब्लूमने त्याच वर्षी आणखी एका आमरीचं कुलनाम नोंदवलं: फॅलेनॉप्सिस. आज दिवाळीत, वाढदिवसाला, दुकानाच्या उद्‌घाटनाला सेलोफेनमध्ये गुंडाळून जी कुंडी भेट येते, पांढऱ्या किंवा राणी रंगाच्या रुंद फुलांची, ती हीच. पेण-पनवेलच्या घरांतही ती आता नवलाची राहिलेली नाही. दोन महिने ती बैठकीच्या खोलीत मिरवते, फुलं गळतात, मग पानं पिवळी पडतात आणि कुंडी मागच्या दारी जाते. ‘आपल्याकडे ऑर्किड होत नाही’ हा समज घरोघरी पसरला आहे तो या कुंडीमुळे. ज्या गावातल्या आंब्यांवर आमरी आपणहून वाढते, त्याच गावातली माणसं असं म्हणतात याचं मला वाईट वाटतं.

फॅलेनॉप्सिस का रुसते ते आधी पाहू. पहिलं कारण पाणी. फुलझाड म्हटलं की रोज तांब्याभर पाणी घालायचं, हा हात आपल्याला तुळशीपासून लागलेला असतो. आमरीच्या मुळांना तो मानवत नाही. दुसरं कारण रात्रीचा उकाडा. या झाडाला फुलाचा दांडा धरायला काही आठवडे बऱ्यापैकी गारवा लागतो. पारा सतत २८ अंशांच्या वर राहिला की ते नुसती पानं काढत बसतं. हमरापुरात मार्च ते ऑक्टोबर हा गारवा मिळत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत मिळतो! म्हणून दिवाळीत आलेली कुंडी फुलं गळाल्यावर टाकून न देता, थंडीच्या रात्री तिला खोलीतून काढून पडवीत ठेवावी. झाड निरोगी असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास पानाखालून बोटासारखा कोंब बाहेर येतो. त्याचं टोक जाडसर, बोथट आणि हिरवं असेल तर ते मूळ. टोक चपटं, किंचित वाकडं असेल तर तो दांडा. अशी दुसऱ्या वर्षीची फुलं विकत आणलेल्या फुलांपेक्षा थोडी कमी येतात, पण ती आपल्या हवेत आलेली असतात.

तरीही ज्याला आमरी नव्याने लावायची आहे, त्याने फॅलेनॉप्सिसपासून सुरुवात करू नये असंच मी सांगेन. सीतेच्या वेणीपासून करावी. कुंडीतच काही हवं असेल तर डेंड्रोबियमची संकरित जात घ्यावी. लग्नाच्या हॉलमध्ये जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या ज्या काड्या दिसतात त्या बहुतेक ‘सोनिया’ या जातीच्या. कोकण, गोवा आणि केरळच्या उष्ण दमट हवेत शेडनेटखाली ती जोमाने वाढते. तिची फुलून गेलेली जुनी कांडी वाळकी दिसली तरी कापू नये, कारण नव्या कोंबाचं अन्नपाणी तिच्यातच साठलेलं असतं.

आता मुळांबद्दल, कारण आमरीचं सगळं मर्म तिथे आहे. सीतेची वेणी मातीत वाढत नाही. तिची मुळं सालीला चिकटून उघड्या हवेत राहतात. प्रत्येक मुळाभोवती मृत पेशींचं एक जाड, स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की ते क्षणात पाणी शोषून घेतं आणि आत हळूहळू पुरवतं. कोरडं असताना हे आवरण रुपेरी पांढरं दिसतं. ओलं झालं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. पाणी कधी द्यायचं हे कॅलेंडर पाहून ठरवू नये, मूळ पाहून ठरवावं. मूळ रुपेरी झालं की पाणी द्यावं, हिरवं आहे तोवर हात आखडावा. हे मूळ मातीत पुरलं तर आवरण सतत ओलं राहतं, हवा मिळत नाही आणि ते कुजतं. घरी दगावणाऱ्या आमऱ्यांपैकी बहुतेक याच कारणाने जातात, तहानेने मरणारी विरळा.

कोकणातल्या वाड्यांत एक गैरसमज फार खोल आहे. आंब्यावर दुसरं काही वाढलेलं दिसलं की ते बांडगूळ आणि बांडगूळ म्हणजे कोयत्याने उडवायचं. बांडगुळाबाबत ते योग्यच आहे. ते फांदीत आपली चूषक मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं आणि पुढची फांदी वाळवतं. आमरी झाडाकडून काहीच घेत नाही, फक्त टेकायला जागा घेते. तिला अन्न मिळतं ते पानांतल्या हरितद्रव्यातून, सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून आणि खाचेत साठलेल्या पाचोळ्यातून. दोन्ही ओळखायला सोपी आहेत. बांडगुळाला जागोजागी फुटलेल्या फांद्या आणि साधी रुंद पानं असतात, आणि जिथे ते चिकटतं तिथे फांदीला गाठ येते. वेणीची पानं जाड, पट्ट्यासारखी, मधोमध पन्हळीची, दोन्ही बाजूंना एकाआड एक लागलेली आणि टोकाला खाचलेली असतात. खालून जाड पांढरी मुळं लोंबत असतात. मोहोराआधी आंबा साफ करायला माणूस वर चढवताना त्याला एवढं सांगितलं तरी पुष्कळ झाडं वाचतील.

लावण्याची वेळ जूनच्या तोंडावर. पहिले दोन-तीन पाऊस झाले की नवी मुळं सुटू लागतात आणि पुढचे चार महिने पाणी घालण्याचं काम आभाळ करतं. झाड निवडताना साल पाहावी. आंबा, फणस, चिकू, चाफा, नारळ चालतात. पेरू चालत नाही, कारण त्याची साल सुटते आणि तिच्याबरोबर आमरीही. जमिनीपासून डोक्याच्या उंचीवर, पूर्वेचं किंवा उत्तरेचं अंग, कोवळं ऊन येईल आणि दुपारचं अडेल अशी जागा. रोप सरळ उभं बांधू नये. किंचित तिरकं, पानांचा गाभा बाहेर झुकेल असं बांधावं, म्हणजे पावसाचं पाणी गाभ्यात साचत नाही. रानात ती तशीच लोंबती वाढते.

बांधायला काय? हमरापुरात याचं उत्तर प्रत्येक कारखान्यात पोत्याने पडलेलं असतं: काथ्या. प्लास्टरच्या मूर्तीला आतून बळकटी यावी म्हणून तो वापरतात. प्लास्टर न लागलेला, स्वच्छ काथ्या घ्यावा, एक-दोनदा भिजवून पाणी फेकून द्यावं, त्याचा पातळ थर मुळांमागे ठेवावा आणि वरून सुती चिंधीने किंवा सुतळीने बांधावं. तार लावू नये. काथ्याची जाड गादी मात्र करू नये, त्यात पावसाळाभर पाणी धरून राहतं. चिंधी एका पावसाळ्यात कुजून जाते, तोवर मुळांनी साल पकडलेली असते. अंगणात झाडच नसेल तर सागाच्या किंवा आंब्याच्या फळीवर बांधून पडवीच्या वाशाला टांगावं. टोपलीत ठेवायचं असेल तर लोणारी कोळशाचे आणि जुन्या मंगलोरी कौलांचे मोठे तुकडे एवढंच भरावं. कौलारू घरं पाडून स्लॅब टाकल्यापासून कौलांना गावात तोटा नाही. मात्र त्याच स्लॅबच्या गच्चीवर मे महिन्यात आमरी ठेवू नये. तापलेलं सिमेंट रात्रीही उष्णता सोडत राहतं.

पाण्याचा प्रश्न खारेपाटात वेगळाच आहे. भरतीच्या पाण्याचा अंमल असलेल्या या जमिनीत विहिरीचं, बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ असतं, आणि आमरीला क्षार सोसत नाहीत. मुळांची टोकं काळी पडली, कोळशावर पांढरा थर दिसू लागला की समजावं पाणी खारट आहे. यावर पावसाच्या पाण्यासारखं औषध नाही. पावसाळ्याच्या शेवटी पत्र्यावरून उतरणारं पाणी पिंपात धरावं, तोंडाला डासांसाठी बारीक जाळी बांधावी. फवाऱ्याने द्यायचं तर दहा-बारा रोपांना दिवसाला लागतं ते लिटर-दोन लिटर. ऑक्टोबरात भरलेलं मोठं पिंप बराच काळ पुरतं. पाणी सकाळी द्यावं. ही वनस्पती पानांवरची रंध्रं दिवसा बंद ठेवते आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते. कोरड्या आठ महिन्यांत पाणी वाचवून जगण्याची तिची ही युक्ती आहे. म्हणून उन्हाळ्यात पानांवर थोड्या सुरकुत्या आल्या तरी घाबरू नये. रानातली वेणी एकही थेंब न मिळता एप्रिल काढते.

ऊन पुरेसं आहे की नाही हे पानं सांगतात. गडद, काळपट हिरवी, मऊ पानं दिसली तर सावली जास्त झाली. अशा झाडाला फुलं येणार नाहीत, कितीही खत घाला. पानांच्या कडा तांबूस झाल्या तर ऊन जास्त. पोपटी, किंचित पिवळसर हिरवा रंग हवा. शेडनेट वापरायचंच तर निम्मं ऊन अडवणारं पुरे. खताबद्दल थोडक्यात: पावसाळ्यात, नवी मुळं दिसत असताना, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम १९:१९:१९ आठवड्यातून एकदा, आणि मधे एकदा नुसत्या पाण्याने धुऊन काढणं. शेणखत मुळांना लावू नये. हिवाळ्यात खत बंद.

कारखान्याशेजारी घर असेल तर आणखी एक काम वाढतं. प्लास्टरची भुकटी आणि फवाऱ्याच्या रंगाचा धूर पानांवर बसतो. फडका ओला करून पानं दोन्ही अंगांनी पुसून घ्यावीत.

खरी कसोटी जुलै-ऑगस्टमध्ये लागते. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, वारा पडतो, आणि बुरशी चढते. गाभ्यातलं कोवळं पान ओढल्याबरोबर हातात आलं, बुंध्याला काळपट पाणचट डाग दिसला, तर एक दिवसही थांबू नये. पातं ज्योतीवर तापवून निरोगी भागापर्यंत कापावं आणि जखमेवर दालचिनीची पूड दाबावी. ती बुरशीला रोखते, पण मुळांवर पडू देऊ नये, मुळं वाळतात. रोप पावसातून काढून वाऱ्याच्या वाटेवर टांगावं. दाटीवाटीने टांगलेल्या रोपांत रोग भराभर फिरतो, म्हणून दोन रोपांत हातभर अंतर ठेवावं. रात्री विजेरी घेऊन एक फेरी मारावी. गोगलगायी मुळांची हिरवी टोकं खातात आणि टोक गेलं की त्या मुळाची वाढ थांबते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोरड्या दिवसांत, पानांच्या बगलेत लपते. जुन्या दात घासायच्या ब्रशने, साबणाच्या पाण्याने खरवडून काढली तर फवारणीची वेळ सहसा येत नाही.

हे सगळं जमतं. जमत नाही ते वेगळंच, आणि तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: रोप आणायचं कुठून? सोपं उत्तर डोंगरात आहे, आणि ते उत्तर कधीही घेऊ नये. आमरीच्या एका बोंडात धुळीइतक्या बारीक असंख्य बिया असतात, पण बीत अन्नसाठाच नसतो. सालीवर विशिष्ट बुरशी भेटली, तिने त्या बीला पोसलं, तरच ती रुजते. ही गोष्ट १८९९ साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली. अगणित बियांमधून एखादं रोप उभं राहतं आणि ते फुलावर यायला कित्येक वर्षं जातात. फुललेला वेल समजून ओरबाडून आणलेलं झाड म्हणजे त्या डोंगराने एवढ्या वर्षांत कमावलेलं एकमेव झाडही असू शकतं.

या हौसेचा इतिहास काळा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५० च्या सुमारास खासी टेकड्यांत होता, तेव्हा त्याने निळी वांदा या आमरीची सात माणसांच्या ओझ्याइतकी झाडं इंग्लंडला पाठवायला गोळा केली. त्यांतली थोडीच जिवंत पोचली, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. कोलंबियात आमऱ्या गोळा करणाऱ्या आल्बर्ट मिलिकनने दहा हजार आमऱ्यांसाठी चार हजार झाडं आडवी केली आणि १८९१ च्या आपल्या पुस्तकात तसं नमूद केलं. भारतात नोंदल्या गेलेल्या आमऱ्यांच्या जाती १,२५६ आहेत, असं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची २०१९ ची सूची सांगते. त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींची जी छोटी यादी आली, तीत निळी वांदा, तांबडी वांदा आणि लेडीज स्लिपर या आमऱ्या होत्या. सीतेची वेणी त्या यादीत नाही, पण राखीव जंगलातून कुठलंही झाड काढणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे, आणि आमरीचं सबंध घराणं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराखाली येतं.

दुसरा मार्ग बाटलीचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुइस नडसनने १९२२ साली दाखवून दिलं की साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीशिवायही आमरीचं बी रुजतं. आज रोपवाटिकांत मिळणारी रोपं याच पद्धतीची. घेताना मुळं पाहावीत. बाटलीतून निघून कुंडीत वाढलेल्या रोपाची मुळं सगळीकडे सारखी, अखंड असतात. रानातून ओढलेल्या रोपाची मुळं तुटलेली, एका बाजूने चपटी, सालीचे तुकडे चिकटलेली असतात आणि पानांवर कीटकांच्या, उन्हाच्या जुन्या खुणा असतात. अशी रोपं स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत, आणि का घेत नाही ते विक्रेत्याला सांगावं.

तिसरा मार्ग मात्र या पट्ट्यात अगदी हाताशी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वाड्यांतले जुने आंबे, फणस, सुपारी मुळासकट कोसळले. दिवस वेणीच्या बहराचे होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि त्यात रस्त्याकडेची मोठी झाडं गेली. पडलेल्या झाडावरची आमरी लगेच मरत नाही. सावलीत ती काही आठवडे तग धरते, पण लाकूड वखारीकडे निघालं की पानं-मुळं जाळात जातात. तोडीची परवानगी देताना झाडाची जात आणि घेर लिहितात, तशी त्याच्यावरच्या आमऱ्यांचीही एक नोंद घेता येईल. ती घेतली जावी म्हणून ग्रामपंचायतीत आणि वन खात्याच्या कचेरीत अर्ज करायला कुणाची हरकत नसावी. परवानगी घेऊन, फांदी करवतीने हातभर तुकड्यांत कापून, आमरीला सालीपासून न सोडवता तो तुकडाच शेजारच्या उभ्या झाडाला बांधला तर तिची मुळं तुटत नाहीत, आणि एका पावसाळ्यात ती नव्या सालीवर उतरतात. कोरड्या दिवसांत झाड पडलं असेल तर तुकडे सावलीत टांगून ठेवावेत, सकाळी फवारा मारावा आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर बांधावेत. शाळेच्या आवारातले आंबे, देवळामागचे फणस, तळ्याच्या काठची झाडं यांवर जागा भरपूर आहे. या दिवाळीत फांद्या हेरून ठेवायच्या, काथ्या कारखान्यातून मागून आणायचा, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर बांधायला लागायचं.